किलोवर घेतलेला सर्व्हर

माझ्या बाबांनी सर्व्हर किलोवर विकत घेतला. लोक कॉम्प्युटर घेताना वेग विचारतात, मेमरी विचारतात, वॉरंटी विचारतात. बाबांनी गोंदियाच्या भंगारवाल्याला तो काट्यावर ठेवायला लावला, काटा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि आकडा बघून समाधानाने मान हलवली. मग गोणपाटात गुंडाळून, मोटरसायकलच्या मागच्या सीटवर दोरीने आवळून त्यांनी तो आधी तिरोड्याला आणि तिथून बोदलकसा तलावाच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात आणला. वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकापाशी थांबून त्यांनी मागे हात घालून तो चाचपला, हे ते स्वतःच कौतुकाने सांगत होते.

ते धूड अंगणात उतरल्यावर मी विचारलं, "हे काय आणलं बाबा?"

"तुयासाठी हाय," ते म्हणाले. "तुया लॅपटॉपमंदी दम नाही म्हणून पुण्याची मॅडम बोंबलून राहिली ना? आता बोंबल म्हणा तिले."

भंगारवाल्याने त्यांना सांगितलं होतं, "चाचाजी, बड़े ऑफिस का माल है. दिन-रात चालू रहता था, एक दिन की छुट्टी नहीं ली इसने." हे वाक्य बाबांच्या काळजात घुसलं. सुट्टी न घेणाऱ्या कुणाहीबद्दल त्यांना फार आदर आहे. मला मात्र ते सकाळी सातनंतर झोपलेलं पाहिलं की आजारी समजतात.

मॅडमबद्दल सांगायला हवं. मी न बांधलेल्या इमारतींची चित्रं करते. बिल्डरला फ्लॅट विकायचे असतात आणि फ्लॅट अजून जमिनीच्या वर आलेले नसतात, तेव्हा ते झाल्यावर कसे दिसतील हे मी कॉम्प्युटरवर उभं करते. ऊन, झाडं, गॅलरीत कॉफी पीत उभी असलेली बाई, सगळं. शेवटी एक बटण दाबलं की त्याचं फोटोसारखं चित्र तयार होतं. त्याला रेंडरिंग म्हणतात आणि त्याला वेळ लागतो. मॅडमच्या पुण्यातल्या लहानशा ऑफिसात जे चित्र जेवणाच्या सुट्टीत उरकायचं, त्याला माझ्या लॅपटॉपवर दुपार जायची. शेवटी मॅडम वैतागल्या. त्यांनी नमुन्याचं एक चित्र पाठवलं आणि कळवलं की हे घरच्या मशीनवर पाऊण तासात होत असेल तर खुशाल घरून काम कर, होत नसेल तर पुढच्या महिन्यापासून पुण्याला ये. रविवार संध्याकाळपर्यंत काय ते सांग.

बाबांना यातला पहिला अर्धा भाग ऐकू आला. मला दुसरा.

मला पुण्याला जायचं होतं. भांडून किंवा रुसून नाही. मनापासून जायचं होतं. माझ्या शेजारी माझंच काम करणारं कुणीतरी बसावं, त्याने माझ्या पडद्याकडे बघून "ही सावली चुकली" म्हणावं, मी त्याच्याशी वाद घालावा आणि मग कळावं की खरंच चुकली होती, एवढंच मला हवं होतं. घरी माझ्या चित्रांवर येणारी एकमेव टीका आईची असायची. "ह्या बाईची कॉफी अजून संपली नाही का वो?" एवढं विचारून ती भाजी ढवळायला निघून जायची. पण मी त्यांची एकुलती एक, आणि बाबांनी माझ्यासाठी वीतभर खड्ड्यांतून एवढं धूड वाहून आणलेलं. मी बोलायला तोंड उघडलं की नेमके ते फडक्याने सर्व्हर पुसत असायचे. मग मी तोंड मिटायची आणि विनाकारण आईवर चिडायची.

बाबा एके काळी शंकरपटात बैलजोड्या पळवायचे. धान निघालं, शेतं मोकळी झाली की आमच्याकडे गावोगाव हे पट भरतात, जोड्यांच्या शर्यती लागतात, आणि बैलांच्या नावाने माणसं एकमेकांशी वर्षभर बोलत नाहीत. मधली काही वर्षं पट बंद होते. तेव्हा बाबांनी जोडी विकली आणि ट्रॅक्टर घेतला. पट पुन्हा सुरू झाले, पण ट्रॅक्टर कोण पटात पळवणार? गेली काही वर्षं ते पटाला जायचे आणि कडेला उभे राहून दुसऱ्यांच्या बैलांमध्ये खोट काढून परत यायचे.

मी सर्व्हरचं झाकण उघडलं तेव्हा ते पाठीशीच उभे होते. आत शेजारी शेजारी दोन प्रोसेसर बसवलेले होते. बाबांनी ते पाहिले आणि त्यांचा आवाजच बदलला.

"अगा, जोडी हाय!"

ते तडक शेजारच्या काकांना घेऊन आले. हे काका म्हणजे पटात घड्याळ लावणारा माणूस. सेकंदाच्या कुठल्या तुकड्याने कोणाची जोडी हरली हे त्यांना वर्षानुवर्षं तोंडपाठ असतं, स्वतःच्या नातवंडांची नावं मात्र गडबडतात. काकांनी सर्व्हरभोवती एक फेरी मारली, मागची भोकं दात बघावेत तशी वाकून बघितली, मग माझ्या लॅपटॉपकडे वळले.

"अन् यात किती हाय?"

"एकच प्रोसेसर आहे काका. पण नवीन आहे."

"एकच?" काका बाबांकडे बघून म्हणाले, "एका बैलानं पट होते का गा?"

मी समजावायला गेले. समजावणं हा माझा दोष आहे. प्रत्येक प्रोसेसरच्या आत कोर असतात, म्हणजे काम करणारी माणसं म्हणा. लॅपटॉपमध्ये आठ आहेत, तरणीताठी, चपळ. सर्व्हरच्या दोन प्रोसेसरमध्ये मिळून अठ्ठावीस आहेत, पण जुनी, सावकाश चालणारी. काकांनी यातलं फक्त आठ आणि अठ्ठावीस घेतलं आणि निकाल देऊन टाकला. "मंग विषयच कायचा? पट कायले लावता, जिंकल्याचं निशाण देऊन टाका."

सर्व्हर चालू करायला माझे दोन दिवस गेले. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा त्याचे पंखे असे किंचाळले की ओसरीवर झोपलेलं कुत्रं उठून शेजारी राहायला गेलं. आई पिठाचे हात घेऊन धावत आली. "हे कॉम्पुटर हाय का धान उडवायचा पंखा?" मग तिने मागच्या बाजूला हात धरून बघितला, तिथून गरम वारा येत होता. दुसऱ्या दिवशी तिथे वड्यांची परात वाळत होती. त्या घरात सर्व्हरचा पहिला फायदा तिला झाला, हे मला कबूल करावं लागेल. बिल किती येईल असं मात्र ती रोज विचारायची, आणि बाबा रोज गच्चीवरून दिसणाऱ्या तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांकडे बोट दाखवायचे. "इतकी वीज इथं होऊन राहिली, आपल्या मशीननं थोडी खाल्ली तर काय होते?"

मग मी दोन्हीवर एकच फाइल उघडून दाखवली. लॅपटॉपने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडली. सर्व्हर घुमला, थांबला, पुन्हा घुमला आणि मग सावकाश एकेक भिंत दाखवू लागला. बाबांचा चेहरा पडला. त्यांनी लगेच सावरलं. "म्हातारी जोडी हाय. उठाले वेळ लागते. उठली का पाहजो."

यात मात्र ते बरोबर होते. फाइल उघडायचं काम एकट्याने करायचं असतं, सुईत दोरा ओवावा तसं. अठ्ठावीस बाया जमवल्या तरी ओवणारी एकच, आणि ती म्हातारी असेल तर झालंच. रेंडरिंगचं काम तसं नसतं. त्यात चित्राचे लहान लहान चौकोन पाडतात आणि प्रत्येक कोर आपला चौकोन घेऊन बसतो, धानाच्या रोवणीच्या दिवसांत एकेक बांधी, बांधांमधला शेताचा तुकडा, एकेकीला वाटून द्यावी तसं. तिथे आठ चपळ बायांपेक्षा अठ्ठावीस संथ बाया दिवस मावळायच्या आत शेत रोवून मोकळ्या होतात. म्हणजे हे धूड जिंकू शकत होतं. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि म्हणूनच माझी झोप उडाली होती.

मॅडमच्या नमुन्याच्या चित्रावर लॅपटॉप विरुद्ध सर्व्हर अशी शर्यत बाबा आणि काकांनी रविवारी ठरवली. तोपर्यंत मला सर्व्हरला हातही लावू दिला नाही. मी म्हटलं, निदान एकदा चालवून बघू या. बाबा म्हणाले, "पटाच्या आधी जोडीले कामाले जुंपत नाही." सर्व्हर बाजेवर विश्रांती घेत होता आणि मी लॅपटॉपवर राबत होते.

रविवारी सकाळी अशी थंडी होती की तोंडातून वाफ निघत होती. सर्व्हरच्या आवाजात माणसाचं माणसाला ऐकू जात नाही म्हणून तो आतल्या खोलीत ठेवला होता. लॅपटॉप मी ओसरीवर घेऊन बसले. काका दोन्हींच्या मधल्या दारात उभे, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात पटातली लाल झेंडी. मी आधी आतल्या मशीनवर बोट ठेवलं, काकांनी झेंडी खाली पाडली, बटण दाबून मी पळत ओसरीवर आले आणि लॅपटॉपचं दाबलं. एवढ्या दोन-चार पावलांचाही काकांनी हिशेब लावला आणि तेवढी सूट लॅपटॉपला देऊन टाकली. काकांच्या प्रामाणिकपणाला तोड नाही.

बाबा आत बसले. आपल्या जोडीला सोडून ते हलणार नव्हते. दार लोटलेलं होतं. आतून पंख्यांचा आवाज येत होता, आणि मधूनमधून बाबांचा.

"हो... हो... हाण... थांबू नको!"

माझ्यासमोर लॅपटॉपवर एकेक चौकोन भरत होता. आकाश झालं, गच्ची झाली. काका दारातून आत डोकावून माझ्यापर्यंत बातमी आणत होते. "जोडी पुढे हाय. लय पुढे हाय. त्या बाईच्या कंबरेपर्यंत आली." ही गॅलरीतली कॉफीवाली. माझ्याकडे तिचा अजून केसही उगवला नव्हता. मी पुण्याला मनातल्या मनात नमस्कार करून टाकला.

थोड्या वेळाने आतला आवाज चढला. पंखे आता किंचाळत नव्हते, रडत होते. बाबा आनंदाने ओरडले, "जोर लावून राहिली!" पण काकांच्या बातम्या संथ झाल्या. "बाई तिथंच हाय... अजून तिथंच हाय... कप नाही आला." मग एकाएकी सगळं थांबलं. पंखे, रडणं, सगळं. घरात एवढी शांतता पसरली की आईच्या तव्यावरची भाकर फुगलेली ऐकू आली.

सर्व्हर बंद पडला होता.

लॅपटॉपने आपलं चित्र पूर्ण केलं, पण दुपार व्हायला आली होती. पाऊण तासाची मुदत केव्हाच गेलेली. म्हणजे घरचं एकही मशीन मॅडमच्या परीक्षेत उतरलं नाही. म्हणजे पुणे. मी मनात पुण्याची बॅग भरायला घेतली, आणि लगेच बाबा खोलीतून बाहेर आले ते बघून तशीच उघडी टाकली. ते ओसरीच्या खांबाला टेकून बसले आणि अंगणात बघत राहिले. त्यांना मी पटात हरलेलं अनेकदा पाहिलं आहे. हरले की ते भांडतात. आज ते भांडत नव्हते.

काकांनी घड्याळ खिशात टाकलं. "जोडी बाद हाय गा. नुसतं वजन हाय तिच्यात. भंगार ते भंगारच."

मी सर्व्हरचं काय झालं ते बघायला आत गेले आणि उंबऱ्यातच थांबले. सर्व्हरवर झूल घातलेली होती. पोळ्याला बैलांच्या पाठीवर घालतात ती, लाल मखमलीची, आरशाच्या टिकल्यांची, गोंड्यांची. शर्यत सुरू झाल्यावर बाबांनी ती घातली असणार, कारण मी बटण दाबायला गेले तेव्हा ती नव्हती. थंडीत बैल आखडतो म्हणून त्याला पांघरूण घालतात. बाबांनी आपली जोडी आखडू नये म्हणून तिला पांघरूण घातलं होतं, आणि ते घसरू नये म्हणून चारी बाजूंनी खाली खोचलं होतं. वारा आत यायची भोकं बंद, बाहेर जायची बंद. मी हात लावला तर तो पत्रा तव्यासारखा तापला होता. बिचाऱ्याने आधी स्वतःचा वेग कमी करून बघितला आणि मग जळण्यापेक्षा बंद पडणं पसंत केलं.

मला गप्प बसता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं, संध्याकाळी मॅडमला "येते" म्हणून कळवलं असतं, आणि बाबांनी सर्व्हर पुन्हा किलोवर विकला असता. मी गप्प बसणारच होते. पण ओसरीवरून काका पुन्हा म्हणाले, "जोडी मुळातच बाद होती गा," आणि माझं डोकं फिरलं. मशीनबद्दल चुकीचा निकाल मला सहन होत नाही. माझ्या आयुष्यातले सगळे तोटे याच रागाने केले आहेत.

"कायची बाद?" मी झूल ओढून घेऊन बाहेर आले. "तुमी तिचं नाक-तोंड दाबून धरलं अन् म्हणता पळत नाही! गरम झाली म्हणून बंद पडली ती. हिले थंडी लागत नाही बाबा, हिले थंडीच पाहिजे!"

बाबांनी झुलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग ते उठले. "म्हणजे जोडी खराब नाही?"

"नाही."

"मंग पुन्हा लाव."

जेवणं झाल्यावर पुन्हा लावलं. या वेळी काकांनी झेंडी दोनदा फडकवली, बहुधा आपल्या निकालाची लाज वाटून. खिडक्या उघड्या टाकल्या. अठ्ठावीस चौकोन एका वेळी उजळत होते, विझत होते, पुढचे उजळत होते. आकाश, गच्ची, झाडं, बाई, बाईचा कप, कपातली वाफ. शेवटचा चौकोन भरला तेव्हा पाऊण तास भरायला अजून थोडा अवकाश होता. काकांनी घड्याळ उंच धरलं. बाबांनी देवघरातून गुलाल आणून सर्व्हरच्या कपाळाला, म्हणजे जिथे कंपनीचं नाव असतं तिथे, बोटभर लावला. आईने दारातूनच वड्यांची परात मागच्या गरम वाऱ्यात सरकवायला सांगितलं.

आणि मी रडायला लागले. रडूही असं की मलाच कळेना ते कुठून येतंय.

"काऊन रडून राहिली?" बाबा हसत म्हणाले. "जिंकली ना तुई मशीन! आता कुठंच जायाचं काम नाही."

"मले जायचं होतं बाबा."

ते तसेच उभे राहिले, बोटाला गुलाल घेऊन. काकांना अचानक घरी काहीतरी काम आठवलं.

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

"मंग झूल कायले काढली?"

मी झूल उचलून तिची घडी घालू लागले. आई दारातून म्हणाली, "मले माहीत होतं तिले जायचं हाय ते."

"मंग बोलली काऊन नाही?"

"मले कोनं विचारलं?"

बाबा शेतावर निघून गेले. शेतात त्या दिवसांत काहीच नव्हतं, धान निघून गेलेलं, नुसत्या मोकळ्या बांध्या. मी मॅडमला लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. दिवस कलायला आला तेव्हा बाबा परत आले, हातात ट्रॅक्टरच्या हत्यारांतला पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, होता. ते थेट आतल्या खोलीत गेले आणि सर्व्हरसमोर मांडी घालून बसले.

"इकडे ये. हे दोन काढ अन् तुया लॅपटॉपमंदी बसव. मंग जा."

मी त्यांच्या शेजारी बसले. झाकण उघडून दाखवलं. हा प्रोसेसर केवढा मोठा, लॅपटॉपमधला केवढासा. तो तर जागेवरच डाग देऊन पक्का केलेला असतो, निघत नाही, याला तिथे जागा नाही, वीज पुरणार नाही. या वेळी बाबांनी सगळं समजावून घेतलं, एकदाही मध्ये बोलले नाहीत.

"म्हणजे जिंकली ते मशीन घरी राहणार, अन् हरली ते पुण्याले जाणार?"

"हो."

"असा पट मी नाही पाहिला कधी," ते म्हणाले. मग त्यांनी पेचकस बाजूला ठेवला. "मॅडमले काय लिहिलं?"

"अजून काही नाही. हरलो म्हणून येते असं लिहिलं तर लवकर संपेल."

"खबरदार," बाबा म्हणाले. कितीतरी वेळाने त्यांचा नेहमीचा आवाज लागला होता. "लिही, आमच्या घरची जोडी तुमच्या टायमाच्या आत आली. पोरगी हरली म्हणून येऊन नाही राहिली. आम्ही पाठवून राहिलो, म्हणून येऊन राहिली."

मी ते जसंच्या तसं लिहिलं आणि पाठवायचं बटण कुठलं ते त्यांना दाखवलं. त्यांनी गुलालाचं बोट धोतराला पुसलं आणि स्वतःच दाबलं.